दोनशे बारा नंबरचं मशीन

गोलकीपर जर्सी परत द्यायला आला, तेव्हा नंबरबाईंना कळलं की क्लबवर प्रशासक नेमलाय. बँकेवर प्रशासक, सोसायटीवर प्रशासक हे त्यांनी ऐकलं होतं. फुटबॉलच्या क्लबवरही तसाच एक साहेब येऊन बसतो आणि काय ठेवायचं, काय विकायचं ते ठरवतो, हे मात्र नवीन होतं. गोलकीपरने चार जर्सी टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "नाव उसवून टाका, बाई. मला सोडलं त्यांनी." नंबरबाईंनी ब्लेड उचललं. गेल्याच वर्षी याचं लांबलचक आडनाव पाठीवर बसवताना त्या मेटाकुटीला आल्या होत्या, आणि आता तेच एकेक टाका करत उसवायचं होतं.

नंबरबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे हे उघडच आहे, पण खरं नाव क्लबात कुणाला ठाऊक असेल तर शपथ. खेळाडूंच्या जर्सीवर नंबर आणि नावं शिवायची, गोलची फाटलेली जाळी सांधायची, कोपऱ्यातले झेंडे नवे करायचे, हे त्यांचं काम. खोली स्टँडच्या पायऱ्यांखाली. छत तिरकं, त्यामुळे मागच्या भिंतीपाशी जायचं तर वाकून जावं लागे, आणि मॅच सुरू असली की डोक्यावर हजारो पाय आपटत. टेबल हलायचं, टाका वाकडा पडायचा. म्हणून मॅचच्या वेळात त्या फक्त दोरे गुंडाळत बसायच्या. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही मॅच धड पाहिली नाही, आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं.

खेळाडूंना मात्र त्या ओळखायच्या, खांद्यांवरून. नवा खेळाडू आला की सगळं गाव त्याचे पाय बघायचं आणि नंबरबाई त्याची पाठ. नंबर कॉलरच्या खाली चार बोटं, ना वर ना खाली. एकचा आकडा दिसायला सोपा, पण जरा कललेला असला की पूर्ण मैदानाला दिसतो. आठाची दोन भोकं आतून कापून शिवणं म्हणजे डोळ्यांचं तेल निघतं. आणि उसवताना कितीही जपलं तरी कापडात सुईची भोकं राहतातच. उजेडात धरलं की जुनं नाव वाचता येतं. एका जर्सीत त्यांना एकाखाली एक तीन माणसं सापडली होती, आणि तिघांनीही क्लबला शिव्या देतच जर्सी परत केली होती.

त्यांचे यजमान अगदी उलट. पाण्याची मीटरं वाचायची नोकरी करून ते निवृत्त झाले होते, पण त्यांचा खरा धंदा म्हणजे क्लब. कुठल्या वर्षी, कुठल्या मिनिटाला, कुणी, कुठल्या पायाने गोल केला, हे विचारा. लग्नाची तारीख एकदा चुकले होते, तेव्हा नंबरबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. पण लग्नाच्या आठवड्यातल्या दोन्ही मॅचचे निकाल त्यांना तोंडपाठ. ते समर्थक समितीचे चिटणीस होते. अध्यक्ष होते एक दातांचे डॉक्टर, ज्यांचं बोलणं ऐकून माणसाला आपल्या सगळ्या दाढा दुखत असल्याचा भास व्हावा.

क्लब का बुडाला, हे सांगायला लागलं तर रात्र पुरणार नाही. थोडक्यात सांगायचं तर आधीच्या मालकाला मोठं व्हायची घाई झाली होती. झेपत नाही असा एक महागडा खेळाडू त्याने आणला. तो पाचव्याच मॅचला गुडघा धरून बसला. मग नवा स्टँड बांधायला काढला, त्याचे खांब उभे राहिले आणि तेवढेच राहिले. मग एके दिवशी मालकाने हात वर केले आणि निघून गेला. तीन महिने कुणाला पगार नव्हता. नंबरबाईंनाही नव्हता, पण त्यांनी त्याचा बाऊ केला नाही, कारण त्यांचं मन दुसरीकडे लागलं होतं.

मोठ्या रस्त्यावर एक ताडपत्रीवाला होता. ताडपत्र्या, तंबू, गाड्यांची आवरणं असं जाड काम. त्याने नंबरबाईंना निरोप धाडला होता, "क्लबचं काही खरं नाही, बाई. माझ्याकडे या. पण जाड कापडाचं मशीन तुमचं तुम्ही आणा. एक तारखेपासून काम देतो." नंबरबाईंचा जीव भांड्यात पडला. मशीन होतंच. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं काय लागतं? दोन हात, एक मशीन आणि काम देणारा माणूस.

त्या मशीनची कथा अशी. क्लबच्या आधी नंबरबाई सुटकेसच्या कारखान्यात होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाकडे द्यायला काही उरलं नव्हतं. त्याने बायकांना सांगितलं, जी ज्या मशीनवर बसते, तिने ते घेऊन जावं, हाच तुमचा हिशेब. कागद नाही, पत्र नाही. बायकांनी रडत, शिव्या देत मशीनं उचलली. नंबरबाईंचं सगळ्यांत वजनदार. चामड्याचे चार थर एका दमात शिवायचं. घरात ते मावेना, जिन्याच्या वळणावरच अडकून बसलं. तेवढ्यात क्लबला नंबर शिवणारं कुणीतरी हवं होतं. यजमानांनी एका मित्राला घेतलं, हातगाडीवर मशीन चढवलं आणि सरळ मैदानात नेऊन ठेवलं. त्या दिवशी मॅच होती. यजमान ती गोष्ट पन्नास वेळा सांगून चुकले होते. मशीन खोलीत ठेवलं, घाम पुसला, पायऱ्या चढून वर गेले, आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला हेडरने तिसरा गोल. प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट ऐकावी लागे.

प्रशासक आल्याच्या तिसऱ्या दिवशी नंबरबाईंच्या खोलीत यादीवाला आला. सर्दी झालेला, अदबीने बोलणारा माणूस. हातात लिहायचं पॅड, पॅडवर कागद, खिशात चिकटपट्ट्यांचं बंडल. टेबल, दोन खुर्च्या, पंखा, कपाट, जे दिसेल त्याला तो नंबर चिकटवत होता. मशीनवर निळ्या-पिवळ्या तुकड्यांची खोळ होती. उरलेल्या जर्सींतून नंबरबाईंनीच शिवलेली, वर मधोमध क्लबचा बिल्ला लावलेली. यादीवाल्याने खोळ उचलून आत बघितलं.

"हे मशीन कुणाचं?"

"आपलंच आहे की," नंबरबाई म्हणाल्या.

यादीवाल्याने लिहिलं, शिंकला, आणि मशीनच्या मानेवर चिकटपट्टी लावली. दोनशे बारा. नंबरबाईंना वाटलं मोजदाद चाललीय. खोलीत काय काय आहे ते साहेबाला कळायला हवं असेल. त्यांनी यादीवाल्याला गरम पाणी प्यायला दिलं. गंमत बघा, ज्याने गळा कापला त्याच्याच घशाची काळजी.

आठ दिवसांनी गेटवर लिलावाची यादी लागली. क्रमांक दोनशे बारा, शिलाई मशीन, जड कामाचं, चालू स्थितीत, एक. नंबरबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मग त्या तडक प्रशासकाच्या खोलीकडे निघाल्या.

प्रशासक बसत होता जिथे पूर्वी चषकांची कपाटं होती तिथे. बाहेर रांग. बस पुरवणारा, कपडे धुणारा, चुना पुरवणारा, सगळे आपापलं गाऱ्हाणं घेऊन बसलेले. दोन तासांनी नंबरबाई आत गेल्या. प्रशासक वाईट माणूस नव्हता, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं. त्याने त्यांना बसायला सांगितलं, कागद काढला, आणि त्यावरची ओळ बोटाने दाखवली.

"तुम्हीच सांगितलंय, बाई. इथे लिहिलंय. मशीन आपलं, म्हणजे क्लबचं."

"आपलं म्हणजे माझं, साहेब."

"मग 'माझं' का नाही म्हणालात?"

आता याला काय उत्तर देणार? स्वतःच्या वस्तूला 'माझं, माझं' असं कुठली बाई म्हणते? दारात पाहुणा आला की 'आपलंच घर समजा' म्हणतो, म्हणून काय पाहुणा घर लिहून घेतो? आपलं हा शब्दच मुळी असा. तो बोलणाऱ्याचा असतो, ऐकणाऱ्याचा असतो, आणि वेळ आली की कुणाचाच नसतो. नंबरबाईंना यातलं काहीही सुचलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तसं बोलत नाही कुणी."

"मला कागदावर चालावं लागतं," प्रशासक म्हणाला. "त्यावर खोळही क्लबच्या रंगाची, बिल्लाही क्लबचा. तुमच्याकडे पावती असेल, दुरुस्तीची बिलं असतील, तर आणा. नाहीतर मशीन आत नेताना पाहिलेला एखादा साक्षीदार आणा. मी ऐकून घेईन."

दुरुस्तीची बिलं. नंबरबाईंचे डोळे लकाकले. एकच मेकॅनिक त्या मशीनला हात लावायचा, गेली वीस वर्षं, वर्षातून दोनदा. त्या तशाच त्याच्या दुकानात गेल्या. मेकॅनिकने तेलकट फाइल काढली, बोट ओलं करून पानं उलटली, आणि मान खाजवली.

"बिलं आहेत, ताई. पण सगळी क्लबच्या नावावर आहेत."

"अरे, मशीन माझं आणि बिल क्लबच्या नावावर कसं?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना. पट्टा, तेल, सुया सगळं क्लबकडून निघेल, म्हणून नाव त्यांचं घाल म्हणालात. मी म्हटलं हुशार बाई आहे."

नंबरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षं त्या स्वतःच्या या युक्तीवर मनातल्या मनात खूश होत्या. कितीदा तरी यजमानांना सुनावलं होतं, "व्यवहार शिका माझ्याकडून." आता त्याच शहाणपणाचे चाळीस कागद त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार बसले होते. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि राग काढायला समोर होता तो बिचारा मेकॅनिक. त्यालाच चार शब्द ऐकवून त्या घरी आल्या. नंतर त्यांना त्याचंही वाईट वाटलं.

मग राहिला साक्षीदार. तो तर घरातच होता, पेपर वाचत.

"अहो, उद्या माझ्याबरोबर चला. मशीन तुम्ही हातगाडीवरून नेलंत एवढं सांगायचं. दोन वाक्यं."

यजमानांनी पेपर खाली केला नाही. नंबरबाई थांबल्या. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पेपर खाली न येण्याचा अर्थ त्यांना कळत होता.

"अगं, त्यात जरा घोळ आहे," यजमान म्हणाले. "समितीने पत्र दिलंय साहेबांना. मैदानाच्या आतलं सगळं क्लबचं, एक खिळाही बाहेर जाता कामा नये. तरच कुणीतरी अख्खा क्लब विकत घेईल. तुकड्यातुकड्याने गेलं तर मेलाच तो. आणि पत्रावर चिटणीस म्हणून सही माझी आहे."

"म्हणजे माझं मशीन विकायच्या कागदावर तुमची सही?"

"तुझं असं वेगळं नाव नाही त्यात. सगळंच म्हटलंय. उद्या माझ्याच बायकोची वस्तू बाहेर काढली, तर गवत कापणारा त्याचं मशीन मागेल, धोबी त्याची कढई मागेल. डॉक्टर काय म्हणतील?"

"डॉक्टर घालतात का तुम्हाला जेवायला?"

"क्लब वाचला की मशीन कुठे जातंय? तू तिथेच बसून शिवणार आहेस."

"मला तिथे बसायचं नाहीये. मला ताडपत्र्या शिवायच्यात."

हे ऐकून यजमानांना खरोखर धक्का बसला. कुणी क्लब सोडून ताडपत्री शिवायला जाईल हे त्यांच्या डोक्यातच येईना. लेकीचा फोन आला तेव्हा नंबरबाईंनी तिला सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "आई, बाबा शेवटी येतीलच. ते काय खोटं बोलणारेत का?" नंबरबाईंनाही तसंच वाटत होतं. माणूस क्लबवेडा होता, पण खोटारडा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी इस्त्रीचा सदरा घातला, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

प्रशासकाच्या खोलीत दातांचे डॉक्टर आधीच बसलेले होते, समितीतर्फे. यजमान त्यांना बघून थोडे चुळबुळले. प्रशासकाने चष्मा वर केला.

"तुम्ही या बाईंचे पती. हे मशीन क्लबमध्ये तुम्ही आणलं, असं त्यांचं म्हणणं आहे. कधी आणलं, कुठून आणलं, सांगा."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, पण कान सगळे इकडेच. नंबरबाईंनी यजमानांकडे पाहिलं. तारीख सांगायला कितीसा वेळ लागणार होता? हातगाडी, मित्र, घाम, पायऱ्या, अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. नुसतं तोंड उघडलं असतं तरी गोष्ट आपोआप बाहेर पडली असती.

"फार वर्षं झाली, साहेब," यजमान म्हणाले. "आता नक्की आठवत नाही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, पण त्यांच्या बाबतीत तसं झालं नाही, त्यांचे पाय गार पडले. प्रशासकाने अर्जावर 'पुरावा नाही' असं लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. घरी परत येताना यजमान सारखे समजावत होते, की खोटं काही बोललो नाही, नक्की असं आठवत नाही एवढंच म्हणालो. नंबरबाई दोन पावलं पुढे चालत राहिल्या. त्यांना एवढंच वाटत होतं की ओरडावं, पण कुणावर ओरडावं ते एकच नाव ठरेना. यादीवाल्यावर, प्रशासकावर, मेकॅनिकवर, स्वतःवर, की या माणसावर, ज्याच्या डोक्यात गोलाशिवाय दुसरं काही टिकत नाही?

एक तारीख आली. ताडपत्रीवाल्याने पंधरा दिवस वाट पाहिली, हे त्याचं मोठेपण. रोज जाऊन 'उद्या मिळेल' म्हणायची नंबरबाईंना लाज वाटू लागली. सोळाव्या दिवशी त्याच्या दुकानात दुसरी एक बाई स्वतःचं मशीन घेऊन बसलेली दिसली. "पुढच्या हंगामात बघू, बाई," तो म्हणाला. दोष त्याचा नव्हता. या सगळ्या प्रकरणात दोष कुणाचाच नव्हता, प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं, आणि नंबरबाईंच्या हातात मात्र सुईसुद्धा नव्हती.

त्यानंतर पाच आठवड्यांनी क्लब वाचला. लिलाव व्हायच्या आधीच फर्निचरच्या एका कारखानदाराने सगळा क्लब एकगठ्ठा घेतला, खिळ्यासकट. यजमान धावत घरी आले. डोळ्यांत पाणी. "वाचला गं, आपला क्लब वाचला." नंबरबाई भाजी चिरत होत्या, त्या चिरत राहिल्या. यजमानांनी शेजारच्यांना सांगितलं, समोरच्यांना सांगितलं, आणि मग परत येऊन पुन्हा त्यांनाच सांगितलं.

नव्या मालकाच्या लोकांनी आठवड्याभरात साफसफाई काढली. जर्सी आता बाहेरून छापूनच येणार होत्या, नाव-नंबरासकट. पायऱ्यांखालच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या होत्या. नंबरबाईंना पत्र आलं. त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या सेवेची कदर म्हणून क्लब त्यांना एक शिलाई मशीन भेट देत आहे, आठ दिवसांत घेऊन जावं, वाहतुकीचा खर्च स्वतः करावा.

भेट. नंबरबाईंनी पत्र टेबलावर पालथं घातलं. यजमान मात्र हरखून गेले. "बघ, म्हटलं नव्हतं तुला? मिळालं की नाही? आणि मानाने मिळालं." या माणसाला काय सांगणार, कुठून सुरुवात करणार? पत्र फाडून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. पण मशीन भंगारात गेलं असतं, आणि पुढचा हंगाम फार लांब नव्हता.

मेकॅनिकनेच टेम्पो आणला. मागच्या बोलण्याचा त्याने राग धरला नव्हता. यजमानही सोबत आले, उचलायला म्हणून. चार जणांनी मशीन तिरक्या छताखालून बाहेर काढलं. मानेवर दोनशे बाराची चिकटपट्टी तशीच होती, नंबरबाईंनी नखाने ती खरवडली तर अर्धीच निघाली. ऑफिसात नवी मॅनेजरबाई बसली होती, तरतरीत, घाईतली. तिने छापील कागद पुढे केला.

"इथे सही करा, काकू. भेट मिळाली म्हणून. आणि खाली एका साक्षीदाराची सही लागेल."

नंबरबाईंनी कागद पूर्ण वाचला. स्वतःचं मशीन दुसऱ्याकडून भेट मिळाल्याबद्दल आभारी असल्याचं त्यात लिहिलं होतं. त्यांनी सही केली. शेवटचं अक्षर जरा जास्त दाबलं गेलं.

यजमान पुढे झाले. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि साक्षीदाराच्या ओळीवर वाकले.

"यांची नको," नंबरबाई मॅनेजरबाईला म्हणाल्या.

"का? तुमचे मिस्टर ना हे?"

"हो. पण यांना काही आठवत नाही."

यजमान तसेच वाकलेले राहिले, पेन हातात. मॅनेजरबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तिला काय समजायचं ते समजलं, किंवा नसेलही समजलं. मेकॅनिकने पँटला हात पुसले, तिच्या टेबलावरचं पेन घेतलं आणि सही केली. मग टेम्पोच्या मागे मशीनजवळ नंबरबाई चढून बसल्या, आणि यजमानांना पुढे, ड्रायव्हरशेजारी बसावं लागलं.